एक जागा, दोन कंबरा

पालथी पडून मी फरशी बघत होते. मिरजेत, इनामदार मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, त्या टेबलाला तोंडापुरतं एक भोक असतं ना, त्यात तोंड घालून. कमरेवर ओल्या पट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी मशीनला, आणि मशीन कमरेत मुंग्यांचं वारूळ सोडतंय. हलायचं नाही असं मॅडम सांगून गेलेल्या. आणि पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

"मॅडम, कागदावर कंबर लिहू नका हो. गुडघा लिहा. गुडघा चालतो आमच्या सरांना."

मी हसले. आता कंबर धरलेल्या माणसानं हसायचं नसतं, कारण हसू पोटातून निघतं आणि कळ पाठीतून. त्यामुळे आधी फिस्स झालं आणि लगेच "आई गंऽऽ" झालं.

पलीकडे एकदम शांत.

"कोण आहे गं तिकडं?"

मी तोंड त्या भोकात आणखी खुपसलं.

"रेवे?"

"नाही," मी म्हटलं.

हसू नका. तुम्ही असता तर काय म्हटलं असतं?

ती वर्षाराणी कुंभार होती. वर्षा म्हटलेलं चालायचं नाही, राणी म्हटलेलं तर अजिबात नाही, पूर्ण वर्षाराणी. आम्ही दोघी वेटलिफ्टिंगच्या एकाच क्लबात, एकाच वजनगटात, आणि राज्य स्पर्धेला त्या गटातून क्लबाची एकच पोरगी जाणार होती. एक जागा. ती मला पाहिजे होती म्हणजे किती, तर मी रात्री झोपेत हात वर करून उठायचे असं आई सांगायची. तिलाही तितकीच पाहिजे होती. त्यामुळे आम्ही दोघी वर्षभर एकमेकींशी फक्त "सरक" आणि "बार मोकळा आहे का" एवढंच बोललो होतो.

"किती दिवस झाले तुझं?" तिनं पडद्यातून विचारलं.

"तुझं किती?"

"मी आधी विचारलं."

"दिवाळीपासनं," मी म्हटलं.

"माझं दसऱ्यापासनं," ती म्हणाली, आणि देवाशप्पथ सांगते, तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता.

तेवढ्यात इनामदार मॅडमनी पलीकडून सर्रकन मधला पडदाच सरकवला. म्हणजे आता आम्ही दोघी शेजारी शेजारी, दोन टेबलांवर, बाजारात मांडलेल्या सुरमईसारख्या.

"एकाच क्लबच्या का तुम्ही? मला वाटलंच. दोघींचंही एकाच जागी दुखतंय." आणि त्यांनी माझ्या मणक्याशेजारी अंगठा रोवला. "हे बघ, हे दोन्हीकडचे लांब स्नायू. ऊस लावल्यासारखे उभे आहेत. बाकीच्या बायकांत मला हे शोधावे लागतात. पण यांच्या खाली, हाडाला चिकटून बारके स्नायू असतात. वजन उचलायच्या आधी त्यांनी जागं व्हायचं आणि मणका धरायचा. तुमचे बारके वेळेवर उठतच नाहीत. मग हे मोठे एकटेच ओढत बसतात. तू आत्ता झोपलीयस, तरी हा डावा बघ, अजून ओढतोय."

"म्हणजे पाठ मजबूत आहे ना?" वर्षाराणीनं विचारलं.

"मजबूत आहे. शहाणी नाहीये."

मग त्यांनी सांगितलं की थोडे दिवस मोठी वजनं बंद. आम्ही दोघींनी फरशीकडे बघत एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. दोघींच्या मनात काय होतं ते मॅडमना कळलं असावं, कारण त्या खाली वाकून, त्या भोकाखालून आमच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "ऐका. दुखलं तर दुखलं. पण पायाला बधिर वाटलं, पाय आपला नाही असं वाटलं, की त्या क्षणी बार खाली. त्याला माफी नाही. कळलं?"

मॅडम गेल्या. मशीन मुंग्या सोडत राहिलं.

"रेवे, तू सरांना माझं सांगितलंस तर मी तुझं सांगणार."

"आणि तू माझं सांगितलंस तर?"

"तर तू माझं सांगशील. एवढं सोपं आहे. गप्प बसायचं दोघींनी."

असा आमचा करार झाला. पालथ्या अवस्थेत.

आता सरांना कंबर का चालत नव्हती ते सांगते. कोळेकर सरांच्या आधीच्या पोरांत एक होता म्हणे, फार तयारीचा. त्यानं कंबर दुखतेय हे लपवलं आणि एक दिवस असं वजन घेतलं की आता त्याला मोटारसायकलवर मागे बसूनसुद्धा प्रवास होत नाही. तेव्हापासून सरांचा नियम: कंबर धरली की घरी. वर्षभर क्लबात पाऊल नाही. त्यांना वाटायचं त्यामुळे पोरं जपून राहतील. पोरं काय करणार? सगळी गुडघ्याचं नाव सांगायची. आमच्या क्लबात एवढे गुडघे दुखायचे की एखाद्याला वाटावं हे लोक चुकीच्या बाजूनं चालतात.

क्लब म्हणजे बेदाण्याचं जुनं शेड. मालकानं सरांना वापरायला दिलेलं. आत लोखंड, पावडर आणि बेदाणे यांचा मिळून एक वास, आणि कोपऱ्यात रिकाम्या क्रेटांचा ढीग. आणि तिथं एक रीत होती. जिथं आम्ही वजन उचलायचो त्या लाकडी प्लॅटफॉर्मवर चढायच्या आधी वाकून लाकडाला हात लावायचा आणि हात कपाळाला. चप्पल घालून कुणी वर चढायचं नाही, बारला पाय लावायचा नाही. सर तिथं देवळातल्या पुजाऱ्यासारखे उभे राहून बघायचे, कोण नीट वाकतंय, कोण वरच्यावर उरकतंय.

आणि आम्हाला तर वाकताच येत नव्हतं!

मिरजेहून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मपुढे उभी राहिले, सर समोर, आणि मला घाम फुटला. पण वेटलिफ्टरला एक येतं, पाठ ताठ ठेवून खाली बसणं. तर मी पाय फाकवून सरळ पूर्ण बैठकीत गेले, पाठ काठीसारखी, लाकडाला हात लावला, कपाळाला लावला, उठले. वर्षाराणीनं ते बघितलं आणि मागोमाग तसंच केलं. डोळे मिटून केलं, नाटकी कुठली.

सर बघतच राहिले.

"पोरांनो, हिकडं या! बघा ह्या पोरींकडं! नमस्कार असा असतो. पूर्ण बैठकीतनं. उद्यापासनं सगळ्यांनी असाच करायचा!"

पोरांनी आमच्याकडे असं बघितलं की कंबर दुखायची तर त्यांच्या नजरेनंच दुखावी.

दुसरी अडचण बुटांची. वजन उचलायचे बूट लाकडी टाचेचे, घट्ट बांधावे लागतात. स्वतःची लेस बांधायची तर पाठीची कमान होणारच. मी एकदा प्रयत्न केला आणि अर्ध्यात अशी अडकले की वर्षाराणीला मला सरळ करावं लागलं. मग युक्ती तिनंच काढली. मी क्रेटांच्या ढिगावर पाय टाकायचा, ती उभ्या उभ्या माझी लेस बांधणार. मग तिचा पाय वर, मी बांधणार. दोघींना वाकायला नको.

"आवळ नको गं एवढं! पाय आहे तो, पोतं नाही!" ती रोज ओरडायची, कारण मी रोज मुद्दाम आवळायचे. करार झाला म्हणून काय मैत्री झाली?

पण सरांना तसंच वाटलं. एक दिवस त्यांनी आम्हाला लेस बांधताना बघितलं, आणि सराव थांबवून सगळ्यांना सांगितलं, "एका जागेसाठी भांडणाऱ्या पोरी ह्या. आणि एकमेकींच्या पायाला हात लावत्यात. मी एवढी वर्षं शिकवतोय, मला कधी हे दिसलं न्हाई." अश्लेषा माने म्हणून आमच्याच गटातली तिसरी पोरगी होती, जी क्लबात मुख्यतः गप्पांसाठी यायची, तिनं तर डोळे पुसले. मी आणि वर्षाराणी एकमेकींकडे बघू शकत नव्हतो, कारण हसलो असतो, आणि हसलो असतो तर मेलो असतो.

एक सांगायचं राहिलं. मॅडमचा सल्ला मी अर्धा पाळला. सराव करायचे, पण मोठ्या वजनांना हात आखडता. वर्षाराणीनं काहीच पाळलं नाही. दुखलं की ती आणखी एक प्लेट चढवायची. तिचं म्हणणं, पाठ दुखतेय म्हणजे पाठ कमी पडतेय, मग तिला अजून काम द्यायचं. असला विचार फक्त आमच्यातलाच माणूस करू शकतो.

मग निवड चाचणी आली. रविवार सकाळ, आमच्याच शेडमध्ये. सांगलीहून गुळवणी काका म्हणून पंच आलेले, टेबलावर घड्याळ, त्यांच्या सत्काराची कोरी शाल, सगळं. आमच्या गटात तिघी, मी, वर्षाराणी आणि अश्लेषा. अश्लेषाला सरांनी बळंच उभं केलेलं, गट भरलेला दिसावा म्हणून. तिनं आपली छोटी वजनं उचलली, टाळ्या घेतल्या आणि जाऊन भिंतीपाशी बेदाणे खात बसली.

एका झटक्यात डोक्यावर न्यायचा जो प्रकार असतो, स्नॅच, त्यात मी पुढे गेले. मग दुसरा प्रकार, आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. माझ्या तिन्ही खेपा झाल्या. तिसरी तर मी कशी उचलली मलाच माहीत नाही, खाली ठेवल्यावर डोळ्यांपुढे काजवे. पण झाली. मी पुढेच होते. वर्षाराणीची एकच खेप उरली. मला मागे टाकायचं तर तिला आजवर कधी उचललं नाही एवढं वजन उचलावं लागणार होतं. तिनं तेवढंच सांगितलं. गुळवणी काकांनी चष्म्यातून बघितलं आणि पुन्हा विचारलं, "नक्की ना बाळ?"

"नक्की."

ती क्रेटांपाशी आली. दर खेपेनंतर ती लेस सैल करायची, त्यामुळे पुन्हा बांधायची होती. तिनं उजवा पाय वर टाकला. टाकला म्हणजे, हातानं मांडी उचलून ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आपल्या नादात, म्हटलं शेवटचं आहे, आवळून घेऊ, आणि अशी आवळली, अशी आवळली, की माझ्या बोटांना वळ उठले. आणि वाट बघतेय की आता ओरडेल.

ती समोर बारकडे बघत होती.

"बांध की लवकर. काय करालीस?"

"बांधली," मी म्हटलं.

"कधी?"

मी बुटाच्या वर, तिच्या घोट्याला, मोज्यातून चिमटा काढला. चांगला नख लावून. ती अजून बारकडेच बघतेय.

"राणे," मी पहिल्यांदाच तिला राणी म्हटलं, "पाय कळतोय का तुला?"

"कळतोय."

"आत्ता मी काय केलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पाय खाली घेतला, पुन्हा हातानंच.

"उचलू नको," मी म्हटलं. "मॅडम काय म्हणाल्या होत्या? त्याला माफी नाही म्हणाल्या होत्या. राणे, उचलू नको."

"तुला जायचंय म्हणून सांगतेस."

आणि गेली. टेबलावरून नाव पुकारलं, घड्याळ सुरू झालं, एक मिनिट. तिनं हाताला पावडर चोळली. प्लॅटफॉर्मपुढे ताठ पाठीनं बैठकीत गेली, लाकडाला हात, कपाळाला हात. उठताना डाव्या पायावर उठली.

मी तिथं उभी. आणि खरं सांगते, ती चुकीचं नव्हती बोलली. मी पुढे होते. तिनं नाही उचललं तर मीच जाणार. मग मी ओरडून सांगितलं की हिचा पाय बधिर झालाय, तर कोण ऐकणार? सर म्हणणार, अरेरे, रेवतीची मैत्री जागेपुरतीच होती. ती म्हणणार, खोटं बोलते. आणि तेवढ्यात मिनिट संपणार, आणि ती उचलणार. माझ्या शब्दाला तेव्हा पै किंमत नव्हती, कारण माझ्या हातात ती जागा होती.

तर मी ती टाकली.

"सर! मला बाद करा!"

सगळं शेड वळलं.

"आँ? अगं तू पुढं हायस की!" सर म्हणाले.

"माझी कंबर दुखतेय. दिवाळीपासनं. मी मिरजेला जाते, शेक घेते, मशीन लावते. मला बाद करा आणि वर्षभर घरी बसवा. केलं बाद?"

"रेवती, काय बोलालीस तू..."

"केलं का सर? हो म्हणा!"

सरांच्या तोंडून "हो" निघालं, पण ते धक्क्यानंच.

"मग आता ऐका. मी आता बाद आहे, मला आता काही मिळणार नाही. तिचा उजवा पाय बधिर झालाय. मी आत्ता चिमटा काढला, तिला कळला नाही. तिला उचलू देऊ नका."

"खोटं आहे सर!" वर्षाराणी ओरडली, आणि खाली गेली, आणि बार धरला.

आणि मग सरांनी जे केलं ते आमच्यातलं कुणी कधी विसरणार नाही. कोळेकर सर, जे लाकडाला नमस्कार केल्याशिवाय झाडूसुद्धा मारू द्यायचे नाहीत, ते चपलांसकट धाडधाड प्लॅटफॉर्मवर चढले आणि त्यांनी चपलेचा पाय बारवर ठेवला. मधोमध. तिच्या दोन हातांच्या मध्ये.

"सोड," ते म्हणाले.

"सर, पाय काढा."

"सोड पोरी."

"अहो कोळेकर, घड्याळ चालू आहे," गुळवणी काका म्हणाले.

"चालू दे त्याला."

घड्याळ वाजलं. वर्षाराणी बार धरून तशीच बसलेली, आणि मग ती रडायला लागली, मोठमोठ्यानं, शिव्या देत, मला, सरांना, मिरजेला, सगळ्यांना. सर तिच्याशेजारी लाकडावर बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासनं?" आणि ती हुंदक्यात म्हणाली, "दसऱ्यापासनं. हिच्या आधीपासनं."

टेबलापाशी गुळवणी काका चष्मा पुसत होते. "मग या गटातून नाव कुणाचं?"

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. अश्लेषाच्या तोंडात बेदाणे होते.

"मी?" ती म्हणाली. "अहो पण त्या दिवशी माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे!"

सरांनी त्याच दुपारी वर्षाराणीला गाडीत मागे आडवी घालून मिरजेला नेलं. तिचं डोकं ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्या मांडीवर. संपूर्ण रस्ता ती गाडीच्या छताकडे बघत होती आणि मी बाहेर. इनामदार मॅडमनी ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून घेतलेलं. त्यांनी तिचा बूट काढला, मोजा काढला आणि गाडीच्या किल्लीनं तळव्यावर टाचेपासून वर रेघ ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली, कडेनं. काही नाही. सर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे मला दिसत होते. डॉक्टरांनी अंगठ्याखाली किल्ली टेकवली, हळूच फिरवली.

"ए! गुदगुल्या होतात!" आणि वर्षाराणीनं अशी लाथ झाडली की किल्ली उडून सरांच्या पाठीत.

सर वळले ते रडत, हसत, दोन्ही एकदम. मॅडम म्हणाल्या, शीर दाबली गेलीय, पण वेळेवर आली, आता बरेच महिने आराम आणि मी सांगेन तेवढंच. ते वजन तिनं उचललं असतं तर, असं कुणीतरी विचारलं. मॅडम तिचा मोजा पुन्हा पायात चढवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सरांनी सगळ्यांना उभं केलं. "ज्याची कंबर दुखतीया त्यानं हात वर करा. कुणाला घरी घालवणार न्हाई. मिरजेला घेऊन जाईन."

कुणी हलेना. मग मागून एकानं अर्धा हात केला. मग दुसऱ्यानं. मग जे काही झालं, अहो, सगळं शेड हात वर करून उभं, जणू पोलिसांनी धाड टाकलीय. सर बघतायत, मोजायचं सोडून दिलं त्यांनी. फक्त अश्लेषाचा हात खाली.

"तुझी न्हाई दुखत?"

"नाही सर. मी उचलतेच कुठं?"

ती गेली राज्य स्पर्धेला. लग्न सोडून गेली. कितवी आली ते अजून सांगत नाही. मला सरांनी वर्षभर घरी बसवलं नाही. मॅडमचे ते बारके बारके व्यायाम मी इतके केले की पुढच्या वर्षी माझी पाठ शहाणी झाली, आणि मी गेले. वर्षाराणी पुन्हा मोठ्या वजनाकडे वळली नाही. जतला शाळेत खेळ शिकवते आता. पोरांना पहिल्या दिवशी विचारते, कुठं दुखतंय सांगा, गुडघा सोडून.

पण दर वर्षी राज्य स्पर्धेच्या दिवशी तिचा फोन येतो, नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच वाक्य. "रेवे, मी उचललं असतं."

"नसतं उचललंस," मी म्हणते.

"असतं."

या वर्षी मी तिला विचारलंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "राणे, खरं सांग. बार धरलास तेव्हा पाय जागेवर होता का तुझा?"

फोनवर पोरांचा गलका, कुणीतरी शिट्टी वाजवतंय.

"नव्हता," ती म्हणाली. "खाली बघूनच कळत होतं पाय कुठंय ते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण उचललं असतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.